कमळाच्या टबात हिरवा गुंता आणि वर पिवळं फूल. हे काय?

मुलुंडची_गॅलरी:
पावसाळ्यापासून कमळाच्या टबात बारीक हिरव्या तंतूंचा गुंता झालाय. शेवाळ म्हणून काढून टाकत होते, तर परवा त्यातून दोन बोटं उंच काडी आली आणि टोकाला पिवळंधमक फूल! तंतूंवर राईहून बारीक गोळे आहेत, काही पारदर्शक, काही काळपट. शेजारच्या वहिनी म्हणतात, कसली तरी अंडी आहेत, फेकून दे. टबात गप्पी आहेत, त्यांना नुकतीच पिल्लं झालीत. काय करू?

पाणकाका_दादर:
अंडी नाहीत हो ताई, सापळे आहेत! ही युट्रिक्युलारिया, वर्णनावरून गिब्बा जातीची. ब्लॅडरवर्ट म्हणतात ती. मांसाहारी, आणि मुळं अजिबात नाहीत. प्रत्येक गोळा आतलं पाणी बाहेर टाकत राहतो, त्यामुळे त्याच्या भिंती आत खेचलेल्या राहतात. दाराशी केस असतात. एखादा सूक्ष्म जीव त्यांना घासला की दार आत उघडतं, पाणी त्याच्यासकट आत, दार बंद. हे सगळं सेकंदाच्या काही हजारांश भागांत. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये दिसत नाही, मी नाद सोडला. काळपट गोळे बहुतेक जेवलेले. गप्पीची पिल्लं त्यात मावत नाहीत, निश्चिंत राहा.

चाळकरी:
म्हणजे डास खल्लास! पालिकेची माणसं अळ्या बघायला आली की फूल दाखवायचं.

पाणकाका_दादर:
फूल बघून सोडणार नाहीत. अगदी कोवळी अळी सापडते कधीमधी, मोठी आत जात नाही. ते काम गप्पींचंच.

बॉटनी_टीवाय:
हिचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, २०१३ साली वाचला गेला. जेमतेम ८.२ कोटी बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं; माणसाचे ३०० कोटींच्या वर. तरी जनुकं सुमारे २८,५००, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त! फापटपसारा जवळजवळ नाहीच. आमच्या जर्नलला हे लागू नाही.

मुलुंडची_गॅलरी:
😄 पण कमळाची नवी पानं त्यात अडकतायत. आली कुठून ही?

पाणकाका_दादर:
कमळाच्या कंदाला चिकटून, नाहीतर गप्पींच्या पिशवीतून. जगभर पसरलीय, आपल्याकडेही आहेच. समूळ काढायच्या भानगडीत पडू नका, बोटभर तुकडा उरला तरी पुन्हा पसरते. पानांभोवतीची तेवढी हाताने ओढा. तलावात टाकू नका, उन्हात वाळवून कुंडीच्या मातीत घाला. वाळवण्याआधी मूठभर मला द्याल का? माझी गेल्या उन्हाळ्यात टब आटून गेली.

मुलुंडची_गॅलरी:
रविवारी सकाळी या काका. बाटली मात्र रुंद तोंडाची आणा.