मंडळीतल्या मित्राला जामीन राहावं का?

कृष्णाकाठ (सांगली)
जय ख्रिस्त. मंडळीतल्या मित्राने पतसंस्थेच्या कर्जाला जामीन मागितला तर ख्रिस्ती मैत्री काय सांगते? मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही, हे योहान १५:१३ एकीकडे. नीतिसूत्रांतला जामीनकीविरुद्धचा कडक इशारा दुसरीकडे. रक्कम ३ लाख, जामीनदार दोन, म्हणजे वाट्याला दीडच लाख येतील. नाही म्हटलं तर "कसला विश्वासणारा!" हे ठरलेलं.

मिरज_जंक्शन
१३ व्या वचनावर थांबू नका, १५ वं वाचा. येशू शिष्यांना दास न म्हणता मित्र का म्हणतो? धनी काय करतो ते दासाला ठाऊक नसतं. पण पित्याकडून ऐकलेलं सगळं मी तुम्हाला कळवलं, असं तो सांगतो. मित्राची खूण ही, की तो झाकून ठेवत नाही. तीच खूण इथं लावा. मंजुरीपत्र, हप्ता, आधीची कर्जं, तारण, सातबाऱ्याच्या 'इतर हक्कां'त कुणाचा बोजा आहे का, हे सगळं तो समोर ठेवत असेल तर पुढं बोलू. "विश्वास नाही का?" म्हणत कोरा फॉर्म सरकवत असेल, तर त्याच्या लेखी तुम्ही सहीपुरते गडी आहात.

शास्त्रात जामीनकी सरसकट निषिद्धही नाही. पौल फिलेमोनाला लिहितो की अनेसिमाचं (फिलेमोनाच्या दासाचं) काही देणं असेल तर माझ्या हिशेबी मांड, मी फेडीन, तेही स्वहस्ते. "तो फेडेलच, काळजी नको" असं तो लिहीत नाही. ३ लाख गेले असं धरून सही करता येत असेल तरच करा. नाहीतर नीतिसूत्रे २२:२७ आहेच: अंगाखालचं अंथरूण ओढून नेतील.

दप्तर१०१
दीड-दीड लाखाचा हिशेब डोक्यातून काढा. करार कायदा १८७२, कलम १२८: करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. संस्था सगळी थकबाकी व्याजासकट एकट्या तुमच्याकडं मागू शकते, आधी कर्जदाराच्या मागं लागलंच पाहिजे असं नाही. सहकार कायद्याखाली कलम १०१ चा वसुली दाखला निघाला की प्रकरण जप्तीपर्यंत जातं. तुम्ही भरलेले पैसे कलम १४५ प्रमाणे मित्राकडून वसूल करता येतात, पण ज्याच्याकडं हप्त्याला नव्हते त्याच्याकडं तुम्हाला द्यायला कुठून येणार? आणि सही करून कोरे चेक देऊ नका. न वटल्यास परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ ची केस वेगळी.

वाईकर_ताई
नकार द्यायचा तर सरळ द्या. "पाळकसाहेबांना विचारून सांगतो" म्हणत महिना काढणं ही फसवणूकच, मत्तय ५:३७ (होय तर होय, नाही तर नाही) त्यासाठीच आहे. मात्र हात झटकू नका. सोनेतारण जमतंय का, कमी रकमेत भागतंय का, हे बघायला त्याच्याबरोबर संस्थेत जा. २०-२५ हजार परत न येण्याच्या तयारीनं देता आले तर द्या (लूक ६:३५).

सही झाली आणि हप्ते थकले, की घोटाळा वेगळाच होतो. नोटीस आलेला माणूस व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "अमुक भावाच्या आर्थिक अडचणीसाठी प्रार्थना करा" टाकतो. ही प्रार्थना विनंती नव्हे, बोभाटा. मत्तय १८:१५ चा क्रम पाळा: आधी दोघंच, मग एक-दोन साक्षीदार, मंडळी त्यानंतर. पहिल्याच भेटीला कर्जखात्याचा उतारा बरोबर घेऊन जा, म्हणजे भांडण माणसाभोवती न फिरता आकड्यावर राहतं.

कृष्णाकाठ (सांगली)
आभारी आहे. आणि सही आधीच होऊन गेली असेल तर?

दप्तर१०१
नीतिसूत्रे ६:१-५ अगदी याच माणसासाठी आहे: झोपू नको, नम्र हो, जाऊन विनव. मुदत कर्जाचे पैसे वाटप झाल्यावर एकतर्फी बाहेर पडता येत नाही. बदली जामीनदार द्यावा लागतो आणि तो संस्थेला मान्य व्हावा लागतो. कॅश क्रेडिट (पुन्हा पुन्हा उचलायचं फिरतं कर्ज) असेल तर कलम १३० खाली पुढच्या व्यवहारांपुरती जामीनकी नोटीस देऊन मागं घेता येते, पण करारनाम्यात हा हक्क सोडून दिलेला नाही ना, ते आधी वाचा. अर्ज दोन प्रतींत करा, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या.