कोंबडीचे अंडे आणि विष्ठा एकाच द्वारातून कशी येते?

प्रश्न (खानापूर): आमच्या गावठी कोंबड्यांना बाहेरून एकच द्वार दिसते, तर गोठ्यातल्या म्हशीला शेपटीखाली दोन असतात. सारे एकाच वाटेने येत असेल, तर अंडे बहुधा स्वच्छ कसे निघते?

उत्तर (निपाणी): त्या सामाईक पोकळीला अवस्कर म्हणतात. तिचे तीन कप्पे असतात: पहिल्यात आतड्यातून विष्ठा येते, मधल्यात मूत्रवाहिन्या आणि अंडवाहिनी उघडतात, तर तिसरा बाहेरच्या द्वारापाशी असतो. कोंबडीला मूत्राशय नसतो. विष्ठेवरचा पांढरा थर म्हणजे मुख्यतः युरिक आम्ल. अंडे घालताना अंडवाहिनीचे टोक उलटून थेट द्वाराबाहेर येते आणि आतड्याची वाट दाबली जाते, त्यामुळे कवचाला विष्ठा फारशी लागत नाही. मला ही रचना फार विलक्षण वाटते. शिवाय कोंबडीत सहसा डावीच अंडवाहिनी वाढते.

उत्तर (बेळगाव): बेडूक, सरडे, साप, इतकेच नव्हे तर शार्क माशांनाही अवस्कर असतो, रोहूसारख्या माशांत मात्र गुदद्वार वेगळे असते. सस्तन प्राण्यांत अंडी घालणाऱ्या प्लॅटिपसने तो जपला आहे. म्हशीबद्दल एक दुरुस्ती सुचवतो: तिचे गुदद्वार स्वतंत्र असले, तरी मूत्रमार्ग आत योनिमार्गाच्या तळाशी उघडतो, म्हणून मूत्र आणि रेडकू दोन्ही खालच्याच द्वाराने बाहेर येतात.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. म्हणजे म्हशीतही वाटणी अर्धीच झाली आहे, हे माझ्या कधी लक्षातच आले नव्हते.