मदत हवी आहे: बाबांना 'आता नाही' कसं सांगू?

मी १९ वर्षांची, नागपूरची. २०१८ मध्ये, बारा वर्षांची असताना, एका मराठी मालिकेत काम केलं. बाबांनी त्यासाठी नोकरी सोडली. दीड वर्ष आम्ही दोघं मुंबईत एका खोलीत आणि आई, दादा इकडे धंतोलीत. मालिका संपली, तसे विदर्भ एक्सप्रेसनं परत आलो. तेव्हापासून दुसरं मोठं काम मिळालं नाही. खरं सांगायचं तर मला ते नकोच होतं.

बाबांना मात्र वाटतं की माझं नशीब उघडायचंच आहे. केस कापू देत नाहीत, कारण मालिकेत दोन वेण्या होत्या. यंदा एका मंडळाकडून गणपतीतल्या कार्यक्रमाचा ॲडव्हान्स घेऊन आले आणि मग मला सांगितलं. तिथे मी त्याच लहान मुलीच्या आवाजात संवाद म्हणायचे आहेत.

गेल्या महिन्यात सीताबर्डीवर कापड घेताना त्यांनी दुकानदाराला विचारलं, "ओळखलं का हिला?" त्यानं नीट बघून नकारार्थी मान हलवली. बाबांचा चेहरा इतका उतरला की मीच घाईनं म्हटलं, "काका, खूप वर्षं झाली ना." रात्रभर झोप लागली नाही. राग येतो आणि जीवही तुटतो त्यांच्यासाठी.

पैशाचंही विचारायचं आहे. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराच्या कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत थेट जमा व्हायला हवा, असं वाचलं. तो सज्ञान झाल्यावर त्याला मिळतो. बाबांना विचारलं तर म्हणाले, "सगळं तुझ्यावरच खर्च झालं." ते खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही, आणि त्यांना कोर्टात तर मुळीच खेचायचं नाही. पण अशी ठेव आहे की नाही, हे घरात भांडण न करता कसं शोधायचं? कोणी बँकेतलं असेल तर सांगा.

आई म्हणते, "त्यांचं मन मोडू नको." दादा पुण्याला आहे, तो म्हणतो, "निघून ये." मला नागपूर सोडायचं नाही आणि बाबाही सोडायचे नाहीत.

मी डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) केलंय. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम मिळालंय, एक तारखेला रुजू व्हायचं आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही. आधी हे सांगू, की मंडळाचा ॲडव्हान्स परत करायला लावू? ज्यांनी वडिलांशी असं बोलून पाहिलंय, त्यांनी पहिलं वाक्य काय म्हटलं, तेवढं तरी लिहा.