मदत हवी आहे: घरच्या स्टेन्सिलने छापताना रंग पसरतो
नमस्कार मंडळी. मी हर्णैची. गणपतीला येणाऱ्या माहेरवाशिणींना द्यायला सुती पिशव्यांवर सुवर्णदुर्ग आणि होडी छापतेय. जुन्या एक्स-रे फिल्मवर ब्लेडने नक्षी कापली, लाकडी चौकटीला ऑर्गंझा (पातळ जाळीदार कापड) ताणून बसवला, पिगमेंट रंगात बाइंडर (रंग कापडाला धरून ठेवणारं द्रावण) घालून स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, ओढला. बुरुज सुरेख उठतात, पण शिडाची बारीक दोरी दर वेळी फुगून बोटाएवढी जाड होते. रंग पातळ होतोय, की ऑर्गंझाची वीण फार मोकळी आहे? पिशव्या आधी धुऊन खळ काढलीय.

शिवाय या दमट हवेत 2 दिवसांनीही रंग हाताला लागतो. असा ओलसर असतानाच उलट बाजूने इस्त्री फिरवली तर चालेल का? अजून 40 पिशव्या व्हायच्यात, आणि एकही वाया घालवायची नाही. ज्यांनी पावसाळ्यात छपाई केलीय त्यांनी कृपया सांगा.