तीन मेणबत्त्या आणि विज्ञान शिक्षकांचं प्रशिक्षण

खडूधूळ (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात पाच दिवसांचं विज्ञान शिक्षक प्रशिक्षण करून आलो. विषय इन्क्वायरी बेस्ड अध्यापन. म्हणजे मुलांनी प्रश्न विचारायचा, अंदाज बांधायचा, करून बघायचं, आणि निष्कर्षही त्यांनीच काढायचा. पाचातले साडेतीन दिवस पीपीटी. "मुलांना उत्तर आयतं सांगू नका" हे आम्हाला सलग दोन तास आयतं सांगितलं. शंकांसाठी शेवटची दहा मिनिटं होती, त्यात चहा आला.

तिसऱ्या दिवशी एकदाचा प्रयोग झाला. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर काचेचा ग्लास उपडा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारे सर, म्हणाले, ऑक्सिजन जळून संपला, हवेत तो २१ टक्के, म्हणून पाणी साधारण एक पंचमांश चढलं. आम्ही माना डोलावल्या. मी स्वतः सातवीला हेच शिकवत आलोय.

आमच्यातल्या एका बाईंनी विचारलं, "सर, तीन मेणबत्त्या लावल्या तर?" सर म्हणाले, तेवढंच चढेल, ऑक्सिजन तेवढाच आहे ना. बाईंनी जेवणाच्या सुट्टीत तोच ग्लास घेऊन लावून बघितल्या. पाणी उघड उघड जास्त चढलं. ग्लासावर स्केचपेनच्या दोन खुणा, मधे चांगलं बोटभर अंतर. सर आले, खुणा बघितल्या, "ग्लास नीट बसला नसेल" म्हणाले आणि पुढची स्लाइड लावली.

माझ्या मते पाच दिवसांत खरं प्रशिक्षण झालं ते त्या जेवणाच्या सुट्टीत, डबा अर्धवट ठेवून. पद्धत चुकीची नाही, ती शिक्षकाला भाषणातून देणं चुकीचं आहे. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ शाळांत जो विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्यात शिक्षक उन्हाळ्यात तीन-तीन आठवडे पुस्तकातले प्रयोग स्वतःच्या हाताने करत. शिकवायला टीआयएफआर (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि दिल्ली विद्यापीठातली माणसं येत. पुढे वर्षभर दर महिन्याला बैठक. आपल्याकडे पाच दिवस, एक गुगल फॉर्म आणि ग्रुप फोटो. बोला.

उपडा_ग्लास

फोटोत बॅनर पूर्ण आला होता ना? मग प्रशिक्षण यशस्वी.

बाष्पांक

मी नववी-दहावीला शिकवतो, एकोणीस वर्षं झाली. तुमची गोष्ट मजेशीर आहे, पण ती माझ्या बाजूची आहे.

सरांचं काय चुकलं? प्रश्नोत्तरांचं तंत्र नाही चुकलं, त्यांना विज्ञान येत नव्हतं. मेणबत्ती सगळा ऑक्सिजन खातच नाही, सोळाएक टक्के उरलेला असतानाच ती विझते. शिवाय मेण जळताना ऑक्सिजनचे तीन रेणू गेले की कार्बन डायऑक्साइडचे दोन तयार होतात, म्हणजे जागा रिकामी होते ती नाममात्र. पाणी चढतं ते मुख्यतः गरम हवेमुळे. ग्लास ठेवताना आतली हवा तापून फुगलेली असते, काही बाहेर पडते, ज्योत विझली की उरलेली थंड होऊन आकसते. तीन ज्योतींनी हवा जास्त तापते, एवढंच. हे ज्याला माहीत आहे तो बाईंच्या प्रश्नाने खूश झाला असता. ज्याला माहीत नाही त्याला वाटेल ते तंत्र शिकवा, तो पुढची स्लाइडच लावणार.

म्हणून पाच दिवस मिळतात तर त्यात भौतिक आणि रसायन पक्कं करा. किर्श्नर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-संशोधकांचा २००६ चा लेख प्रसिद्ध आहे. नवशिक्याच्या डोक्यात एका वेळी फार थोडं मावतं, त्याला कमी मार्गदर्शन देऊन "शोध" म्हणणं वाया जातं, असा त्यांचा मुद्दा. पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, २०१५ मध्येही बहुतेक देशांत, ज्या मुलांनी वर्गात इन्क्वायरी जास्त होते असं सांगितलं त्यांचे विज्ञानाचे गुण कमी निघाले.

आणि माझ्या वर्गात ५८ मुलं, तासिका ३५ मिनिटांची. बोर्डाचे पेपर ४० अधिक ४०, प्रात्यक्षिकाला २०. शोध कधी लावू? मधल्या सुट्टीत?

खडूधूळ

बाष्पांक सर, कारण बाईंनाही माहीत नव्हतं. पण पुढचं ऐका. चौथ्या दिवशी त्या घरून बघून आल्या होत्या. एक, ग्लास ठेवताना काठाखालून बुडबुडे येतात. दोन, मेणबत्ती जळत असताना पाणी जवळजवळ हलत नाही, विझल्यावर सरसर चढतं. "ऑक्सिजन संपत चालला म्हणून चढत असतं, तर जळतानाच हळूहळू चढायला हवं होतं ना?" हा त्यांचा प्रश्न. तुमचं अर्धं उत्तर त्यांनी बशी आणि ग्लासातून काढलं, आणि त्या बी.ए. मराठी आहेत. उरलेलं अर्धं सांगायला तुमच्यासारखा माणूस तिथे हवा होता, हे कबूल.

पिसाबद्दल, ते नुसतं सहसंबंधाचं निरीक्षण आहे. कच्च्या वर्गात शिक्षक कृती जास्त घेत असतील तरी तसंच दिसेल. आणि त्या लेखात टीका आहे ती मार्गदर्शन नसण्यावर. मुलांना मोकाट सोडा असं इथे कोण म्हणतंय?

बाष्पांक

कोण म्हणतंय? "सुलभकाने फक्त निरीक्षण करावे" हे तुमच्याच प्रशिक्षणाच्या घडीपुस्तिकेत असेल. पैज लावतो.

खडूधूळ

आहे. पान ४. हरलो.

फरशीवरचा_साप

आमच्याकडे २०१५-१६ च्या सुमारास ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलं स्वतः करून ज्ञान रचतात ही पद्धत, आला होता. आला म्हणजे फरशीवर आला. साप, शिड्या, शंभरपर्यंत आकडे, सगळं ऑइलपेंटने, वर्गणी काढून. साताऱ्याच्या कुमठे बीटमधलं (तिथल्या शाळांच्या गटातलं) काम मी जाऊन पाहिलंय, तिथल्या शिक्षकांनी खरोखर डोकं लावलं होतं. आमच्यापर्यंत पोचला तो फक्त रंग. इन्क्वायरीचंही तेच होणार. दोन वर्षांनी "जिज्ञासा कोपरा" तयार करून फोटो अपलोड करा म्हणून लिंक येईल.

नर्मदाकाठ

होशंगाबादचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी हरद्याकडची, घरात मराठी, नोकरी हिंदी माध्यमात. ते प्रशिक्षण मी केलंय, मे महिन्यात, पंख्याखाली गरम वारा घेत.

पहिल्या दिवशी चौघाचौघांचे गट केले आणि बाकाची लांबी मोजायला सांगितली. चौघींचे चार आकडे. आम्ही तासभर भांडलो आणि मग विचारलं, "सर, बरोबर कोणतं?" टीआयएफआरमधून आलेले ते गृहस्थ म्हणाले, मलाही माहीत नाही, चला पुन्हा मोजू. मला राग आला होता. वाटलं, एवढे शिकलेले आणि बाकाची लांबी सांगता येत नाही. आकडा थोडा इकडेतिकडे होणारच, प्रश्न असतो किती आणि का, हे कळायला आठवडा गेला. ते पीपीटीवर कळलं नसतं.

पण बाष्पांक म्हणतात त्यातही तथ्य आहे. ती माणसं गप्प बसून "सुलभन" करत नव्हती. विषय त्यांच्या नसानसांत होता, म्हणून त्यांना "माहीत नाही" म्हणणं परवडत होतं. आणि परीक्षाही बदलली होती, हे धाग्यात कुणीच लिहिलं नाही. मुलं पुस्तक उघडं ठेवून पेपर लिहायची, प्रयोगाची परीक्षा वेगळी. परीक्षा जुनीच ठेवून शिक्षकाला नवं शिकवलं की तो जूनमध्ये उत्साहात असतो आणि दिवाळीनंतर गाइड काढतो.

फार गोडवेही गाऊ नका. आमच्या शाळेत किटमधल्या परीक्षानळ्या फुटल्या त्या वर्षभर आल्या नाहीत. मी लोणच्याच्या बाटल्यांत प्रयोग केले. पुढे कार्यक्रम हजारेक शाळांत गेला आणि २००२ मध्ये सरकारने बंद केला. माझ्या कपाटात अजून एक भिंग आहे त्यातलं.

थंड_हवा

मी पाचगणीच्या बाजूला शिकवतो. इथे पाणी ९५-९६ अंशाला उकळतं, उंचीमुळे. मुलं थर्मामीटर धरतात, ९६ वाचतात, माझ्याकडे बघतात आणि वहीत १०० लिहितात. मी सांगत नाही तसं. मोठ्या भावाची वही असते घरी.

गेल्या वर्षी एका मुलीने ९६ लिहिलं आणि खाली टीप दिली, "थर्मामीटर बरोबर आहे, बर्फात ० दाखवतो." तिला सांगितलं, प्रात्यक्षिक परीक्षेत पण असंच लिही. तिच्या वडिलांचा फोन आला, "सर, मार्क जाणार नाहीत ना?" काय सांगू?

बाष्पांक

जाणार नाहीत. वीसपैकी एकोणीस सगळ्यांनाच मिळतात, शंभर लिहिणाऱ्यांना आणि न मोजणाऱ्यांनाही. पण ती टीप मला आवडली. तिने थर्मामीटर तपासला, पण त्यासाठी बर्फ शून्यावर वितळतो हे तिला आधी कुणीतरी सांगितलेलं होतं. माझं एवढंच म्हणणं आहे. आधी सांगा.

थंड_हवा

आणि बर्फात बुडवून बघ असं कुणीच सांगितलं नव्हतं.

खडूधूळ

पुढच्या शनिवारी आमच्या केंद्राची (आसपासच्या शाळांच्या गटाची) शिक्षण परिषद आहे. केंद्रप्रमुखांकडून दीड तास मागून घेतलाय. त्या बाई आणि मी मिळून मेणबत्त्यांचा प्रयोग घेणार, सगळ्यांच्या हातात ग्लास. पीपीटी नाही. आधी अंदाज पाटीवर लिहायचा, मग लावायच्या. बाष्पांक सर, शेवटची वीस मिनिटं हवेच्या प्रसरणावर फोनवरून बोलाल का? स्पीकर लावतो.

बाष्पांक

बोलेन. पण तुमच्या प्रयोगात भोक आहे. तीन मेणबत्त्या स्वतःच एकीपेक्षा जास्त जागा खातात, म्हणजे ग्लासात हवा मुळात कमी. तुलना कशी करणार? आधी तीन ठेवा आणि एकच पेटवा, दोन तशाच असू द्या. मग तिन्ही पेटवा. ग्लास तोच, पाणी तेवढंच, आणि दोन्ही वेळा पेटल्यापासून ग्लास ठेवेपर्यंत तेवढेच सेकंद. पाण्यात थोडी शाई टाका, मागच्या रांगेतून दिसत नाही.

हे सगळं त्यांना आधी सांगू नका. कुणी विचारतंय का बघा. नाहीच विचारलं तर मी फोनवरून विचारतो.