एन्थुझियाझम म्हणजे उत्साह, मग लॉक त्याला नावं का ठेवतो?

तापीकाठ (अमळनेर):
नोकरी सांभाळून एम.ए. इंग्रजी करतोय. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या मोठ्या ग्रंथात एन्थुझियाझमवर एक अख्खं प्रकरण आहे आणि त्यात तो त्याला चांगलाच झोडपतो. आपण तर शाळेपासून एन्थुझियाझम म्हणजे उत्साह असंच पाठ केलंय, मग उत्साहावर एवढा राग कशाला? दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, कोणी सांगा ना.

शिरपूरवाला:
शब्द ग्रीक आहे भो. 'एन' म्हणजे आत, 'थेऑस' म्हणजे देव, त्यावरून एन्थेऑस, म्हणजे ज्याच्यात देव शिरलाय तो. इंग्रजीत 17व्या शतकात आला तेव्हा हाच अर्थ होता, उत्साह वगैरे नंतरचं. आणि याला आपल्याकडं सरळ शब्द आहे, अंगात येणं. श्रावणात आमच्याकडं खानदेशात कानबाई देवी बसते, रात्रभर जागरण, गाणी, आणि सोमवारी विसर्जनाला निघालो की वाजंत्री सुरू होते आणि माझी काकू, जी एरवी दिवसभरात चार शब्द बोलत नाही, ती केस सुटलेले, डोळे मिटलेले, जागच्या जागी घुमायला लागते. आजी तिला कवेत धरते आणि आम्हाला एवढंच सांगते, "तिना आंगमा वारं उनं." ग्रीकांना नेमकं हेच म्हणायचं होतं.
लॉकचं म्हणशील तर ते प्रकरण त्यानं 1700 च्या चौथ्या आवृत्तीत घातलं. त्याआधी इंग्लंडात यादवी होऊन गेलेली, मला देवानं थेट सांगितलं असं म्हणणारे पंथ निघालेले, तर त्याचं म्हणणं एवढंच की सांगितलं ते देवानंच हे ठरवायला बुद्धी लागते, नुसती खात्री वाटून चालत नाही. पुढं मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनाही हाच शब्द शिवीसारखा लावायचे, त्यांचा पुढारी जॉन वेस्लीनं 1750 मध्ये त्यावर प्रवचनच छापलं.

संस्कृतची विद्यार्थिनी, धुळे:
वरचं पटलं पण उत्साह शब्दाबद्दल पण बोला कोणीतरी. तो उद् अधिक सह्, त्याच धातूवरून सहन, साहस. नाट्यशास्त्रात उत्साह हा वीररसाचा स्थायीभाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी असलेली कायमची भावना आहे. म्हणजे त्यात बाहेरून कोणी येत नाही, माणूस स्वतःच्या बळावर उभा राहतो. मला तर हे दोन शब्द मुळात उलटे वाटतात, आता डिक्शनरीत शेजारी बसलेत तरी.

शिरपूरवाला:
ताई हे भारी सांगितलंत, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. असाच अर्थ बदललेला थ्रिल पण बघा, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ भोक पाडणं, नॉस्ट्रिलमधलं 'ट्रिल' तेच, नाकाचं भोक.

तापीकाठ (अमळनेर):
दोघांचे आभार. आत्ता ते पान पुन्हा काढलं आणि जिथं जिथं एन्थुझियाझम आहे तिथं मनात अंगात येणं म्हणत गेलो, सगळं सरळ लागलं. पेन्सिलीनं समासात 'वारं' लिहून ठेवलंय.