घरून काम आणि दुपारची कुंडी

रातवा: काल इथे कोणीतरी लिहिलं, "घरून काम करणाऱ्याने गाणी, डुलकी, बागकाम सुटीच्या दिवशी करावं. मजा शिरली की काम बुडालंच." वाचून संताप आला. सहा वर्षं घरून भाषांतर करतेय. दुपारी अर्धा तास कुंड्यांपाशी जाते आणि अडलेलं वाक्य बऱ्याचदा तिथेच सुटतं. पहिल्या वर्षी खुर्ची सोडत नव्हते, तेव्हा रोज चुका निघायच्या.

कोराकागद: ते मीच लिहिलं, आणि ठाम आहे. आमचं काम ग्राहकांच्या फोनचं. मी कुंडीपाशी गेलो तर फोन कोण उचलणार? सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरवरचा अर्थतज्ज्ञ ब्लूम आणि मंडळींचा अभ्यास बघा, २०१५चा. घरून बसलेल्यांचं काम १३ टक्के वाढलं.

रातवा: त्यातले ९ टक्के कमी विश्रांती आणि कमी आजारपणाच्या रजांमुळे. माणसं जास्त मिनिटं बसली, एवढंच!

कोराकागद: उरलेले ४ विसरलात. घरी शांतता होती, म्हणून मिनिटाला जास्त फोन झाले.

चकवा: मला ऑफिसच्या चॅटवर नावापुढे दिसणाऱ्या त्या हिरव्या ठिपक्याबद्दल बोलायचंय. माउस हलला नाही की ठिपका पिवळा, लगेच साहेबांचा मेसेज, "आहेस ना?" वडील तापाने फणफणले होते. औषध देऊन आलो तोवर तीन मेसेज.

कोराकागद: साहेबांनाही वरून विचारणा होते. माझ्या टीममधले दोघं दुपारभर गायब असायचे, त्यांचं काम बाकीच्यांच्या गळ्यात.

चकवा: मग त्या दोघांना धरा ना! सगळ्यांवर पहारा कशाला? पोर्तुगालने २०२१ मध्ये कायदाच केला, कामाच्या वेळेबाहेर मालकाने संपर्क करायचा नाही.

दुपारऊन: मला कोणीच मेसेज करत नाही, तरी रात्री अकराला मीच लॅपटॉप उघडते. माझ्यासाठी कुठला कायदा? मुलगी आता दार उघडं असलं तरी टकटक करून आत येते.

रातवा: म्हणून मजेची वेळ ठरवून ठेवायची.

दुपारऊन: गजर लावून झाडांना पाणी घालायचं? मग तेही कामच झालं की.

कोराकागद: बरं, भाषांतरवाल्यांच्या कुंड्यांपुरता शब्द मागे घेतो. फोनवाल्यांचं म्हणणं कायम. आणि चकवा, ठिपका बघून मेसेज मीही टाकलेत. पण त्या दोघांचं काय करू, ते सांगा.

चकवा: संध्याकाळी झालेलं काम मागा. नसेल तर तेव्हा बोला. दुपारी ते कुठे होते, ते विचारू नका.